उंचोबाचा पेला

हे गाव एका खेळातलं. संगणकाच्या पडद्यासमोर कोणीतरी बसतं, वरून एक डोंगर न्याहाळतं, बोट हलवतं. आणि त्या डोंगराच्या पोटात चाळीसेक माणसं कुदळी उचलतात, भट्ट्या पेटवतात, जेवतात, भांडतात, दमून झोपी जातात. पडदा काय आणि बोट काय, त्या माणसांना कशाची गंधवार्ता नाही. वर कोणीतरी आहे, एवढंच त्यांना ठाऊक. त्याला ती नुसतं 'वरचा' म्हणतात. आपण त्यांना हसायचं कारण नाही. आपलंही ज्ञान याच्यापुढे फारसं गेलेलं नाही.

वरचा बोलत नाही. चौकात एक काळी पाटी टांगलेली आहे. सकाळी तिच्यावर अक्षरं उमटतात. 'गाद्या, सहा.' 'पूर्वेकडे खणा.' 'पेले, तीस.' ज्याला जे काम येतं ते तो उचलतो. काय करायचं, किती करायचं, हे वरचा सांगतो. पण पेल्यावर काय कोरायचं हे त्यानं आजवर कधीच सांगितलेलं नाही. ते त्यानं कोरणाऱ्यावर सोडलंय. का सोडलं असावं, यावर गावात दोन मतं होती. भट्टीवाले मामा म्हणत, "त्याला चित्रातलं ओ की ठो कळत नाही, दुसरं काय." आणि आप्पा म्हणत, "आपण काय कोरतो ते त्याला बघायचंय."

आप्पा म्हणजे गावातले एकुलते एक कोरके. साठी उलटलेली, बोटं आखूड आणि जाड, दगडाची भुकटी भुवयांत कायमची मुक्कामाला आलेली. त्यांची खोली चौकाला लागून, जिथे डोंगराला खिडकी पाडता येते त्या बाजूला. खिडकीखाली ठोकळा, ठोकळ्यावर ओल्या गोणपाटाची वळकटी. तिच्यात पेला रुतवून ठेवला की घाव बसताना तो हलत नाही. भिंतीवर ओळीनं सात छिन्न्या. थोरली वीतभर, धाकटी दाभणाएवढी. कोपऱ्यात घोटायला वाळूची बादली. दगड करडा आणि मऊ, नखानं ओरखडा उठावा असा.

या गावाकडे विकायला दुसरं काही नव्हतं. वर्षातून एकदा, पानं गळायच्या दिवसांत, तांडा येई आणि पेल्यांच्या बदल्यात धान्य, लोकर, लोखंड देऊन जाई. दूरच्या मुलखांत या पेल्यांना मागणी होती ती पिण्यासाठी नव्हे. तिकडची माणसं संध्याकाळी पेला मधोमध ठेवत आणि त्याच्यावरची गोष्ट ऐकत बसत. म्हणून आप्पांच्या आज्यापासून एक नेम चालत आला होता. या डोंगरात खरोखर घडलं तेच कोरायचं. आणि विकताना, जो त्या चित्रात आहे त्यानं, तो नसेल तर त्याच्या सगळ्यात जवळच्या माणसानं, पेल्यावर हात ठेवून म्हणायचं, "असं झालं." मगच तांड्याचा पारखी पेला उचलणार.

दोन वर्षांपूर्वी एक दोन तोंडांची घोरपड मामांच्या भट्टीत शिरली होती. एका तोंडानं ती मामांना चावली आणि दुसऱ्या तोंडानं तिनं जांभई दिली. आप्पांनी ते कोरायला घेतलं तेव्हा मामा येऊन बसले. मामा म्हणजे आप्पांच्या दिवंगत बायकोचे भाऊ.

"दाजी, तीन तोंडं करा. दोन पोती जास्त मिळतील."

"तिसरं तोंड कोणाला चावलं ते सांगा, लगेच करतो."

यावरून दोघे पंधरा दिवस बोलत नव्हते. शेवटी विक्रीच्या दिवशी मामांनी पेल्यावर हात ठेवला, "असं झालं" म्हटलं, आणि कोणी विचारलेलं नसताना विजार वर करून दातांचे वण दाखवले. पारख्यानं वण बघून अर्धं पोतं वाढवून दिलं. तेव्हापासून मामा सांगत, माझा हा पाय कमावता आहे.

आणि मग गेल्या वर्षी पाणी आलं.

पाटीवर उमटलं होतं, 'खालच्या बोगद्यात पुढे खणा.' खणायला आप्पांचा जावई होता. बुटक्या माणसांच्या गावात तो एकटा उंच. प्रत्येक चौकटीला डोकं आपटायचा आणि वर चौकटीचीच माफी मागायचा, म्हणून सगळे त्याला उंचोबा म्हणत. उंचोबानं भिंतीला तळवा लावला, म्हणाला, "दगड गार लागतोय. पलीकडे पाणी असेल." पाटी बदलली नाही. तो जरा थांबला, मग त्यानं कुदळ उचलली. दुपारी पाणी फुटलं. बोगद्याच्या तोंडाशी शिळेचं दार होतं, वर ओढून धरलेलं. बाहेरच्या भिंतीतली दांडी ओढली की ते खाली पडे. चौकातून ओरड आली, "पाटीवर उमटलंय, दांडी ओढा." दांडीच्या सगळ्यात जवळ आप्पा होते, पेल्यांसाठी दगड निवडायला खाली उतरलेले. उंचोबा आत होता, चाळीस पावलांवर. आप्पांनी दांडी ओढली.

गाव वाचलं. दार पुन्हा उघडलं नाही. उघडता येणारही नाही, पलीकडे छतापर्यंत पाणी आहे. आणि त्या दिवसाबद्दल गावात कोणी कधी एक अक्षर काढलं नाही. आप्पांच्या घरात तर नाहीच. उंचोबाची बायको ही आप्पांची एकुलती लेक. गावातले दिवे भरायचं काम तिच्याकडे, म्हणून गाव तिला दिवेवाली म्हणे. रोज ती बापाच्या दिव्यात तेल घाले आणि म्हणे, "भरलाय." आप्पा म्हणत, "बरं." वर्षभर बापलेकीत बोलणं म्हणून झालं ते एवढंच.

यंदा तांडा यायला नऊ दिवस उरले असताना वहिनी आप्पांच्या खोलीत आल्या. वहिनी म्हणजे आप्पांच्या थोरल्या, वारलेल्या भावाची बायको. पण वहिनी त्या साऱ्या गावाच्या. कोठार आणि देवघेव त्यांच्याकडे होती.

"कुठवर आलंय, भावोजी?"

"पाटीवर तीस आहेत. एकोणीस झाले."

वहिनींनी एकेक पेला उचलून उजेडात धरला. "बकरी. बकरी. ही काय, बकरीच. आणि हे?"

"पहिला बर्फ."

"बर्फात हे कोण उभंय?"

आप्पांनी खाकरून घेतलं. "बकरी."

वहिनी बादलीच्या काठावर टेकल्या. एरवी त्या टेकत नसत, उभ्याउभ्या कामं उरकत.

"कोठारात काल बुरशी निघाली," त्या म्हणाल्या. "जवाचं बियाणं सगळं काळं पडलंय. वाटाण्याचंही. मूठभर वाचलेलं नाही."

"मग खायचं काय?"

"आत्ता खातोय तीच अळंबी. सकाळी अळंबी, संध्याकाळी अळंबी. तुमचे मेहुणे म्हणतात, थोडे दिवस थांबा, आपणच भिंतीला उगवायला लागू. हसण्यावारी नेतात ते, पण पोरांचे दात हलायला लागलेत, भावोजी. वसंतात पेरणी झाली नाही तर डोंगर सोडावा लागेल. आणि तुमच्या बकऱ्यांवर पारखी बियाणं द्यायचा नाही. मागच्या खेपेलाच म्हणाला, तुमच्या डोंगरात बकऱ्यांशिवाय काही घडतं की नाही."

वहिनींनी हातातला पेला खाली ठेवला.

"एक मोठा पेला करा. पाण्याचा."

आप्पांनी छिन्नी गोणपाटावर ठेवली. "ते माझ्यानं होणार नाही."

"मग कोणाच्यानं होणार?"

"वहिनी, जावई होता तो माझा."

"माझाही कोणीतरी होता. त्याच्या कपाळावरच्या टेंगळांवर ओला फडका ठेवून ठेवून माझे हात दुखायचे." वहिनींनी मांडीवरची भुकटी झटकली. "पाटीवर काम उमटलं, जवळचा हात तुमचा निघाला. कर्ता-करविता तो वरचा. तुम्ही किती दिवस असं मनाला लावून घेणार?"

आप्पा खिडकीबाहेर बघत राहिले. उतारावर खऱ्या बकऱ्या चरत होत्या.

"पाटीवर काम होतं, हे खरं," ते म्हणाले. "दांडीवर हात माझा होता, हेही खरं. एक खरं घट्ट धरलं की दुसरं खोटं होईल असं मला वाटायचं. होत नाही तसं."

वहिनी उठल्या. जाताना त्यांनी फक्त एवढंच म्हटलं, "नऊ दिवस आहेत."

आप्पांनी दगडांतला मोठ्यात मोठा गोळा निवडला. उरलेल्या साध्या पेल्यांवर सकाळी हात फिरवायचा, दुपारपासून हा. पाणी आधी कोरलं. पाणी सोपं; छिन्नी तिरपी धरून वळवत नेली की ते आपलं आपण वाहतं. मग दार. मग उंचोबा. त्याची मान जराशी वाकलेली, वर चौकट नसतानाही सवयीनं वाकलेली. नाक कोरताना आप्पांना हसू आलं आणि त्यांनी छिन्नी खाली ठेवली, कारण ते हसू आपल्याला कुठे नेऊन सोडील याचा त्यांना भरवसा नव्हता.

आठव्या दिवशी दोनच गोष्टी उरल्या. उंचोबाचा उजवा हात अजून दगडातच होता; आणि दाराच्या बाहेरच्या बाजूला एका माणसापुरता दगड जाड राहिला होता. आप्पांनी त्या जाड जागेवर छिन्नी टेकवली. उचलली. पुन्हा टेकवली.

खोटं काही कोणी एकदम कोरत नाही. आधी त्याला एक चांगलं कारण सुचतं. आप्पांना लेकीचं कारण सुचलं. हा पेला दूर जाईल, रोज कुठल्यातरी घरात मधोमध ठेवला जाईल, आणि लोक काय ऐकतील? म्हाताऱ्यानं जावयाला आत कोंडलं. त्यापेक्षा त्या पोरानं गावासाठी आपल्या हातानं दार लावून घेतलं, असं ऐकलं तर? लेकीच्या नवऱ्याचं नाव होईल. कोणाचं काय बिघडतंय? दांडी आत असती तर त्यानं ती ओढलीच असती. असं मनाशी म्हणत म्हणत आप्पांनी दांडी आतल्या भिंतीत कोरली आणि उंचोबाचा उजवा हात दगडातून सोडवून तिच्यावर ठेवला. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांच्या छिन्नीतून न घडलेली गोष्ट उतरली. आणि हात सुरेख उतरला होता, हेच त्यातलं वाईट. बाहेरची जाड जागा त्यांनी नुसती घोटून गुळगुळीत केली.

वहिनी पेला न्यायला आल्या, त्यांनी तो फिरवून पाहिला. "दांडी..." त्या म्हणाल्या आणि थांबल्या. त्यांच्या डोळ्यांसमोर कोठाराची रिकामी फळी आली असावी. "छान झालाय," त्या म्हणाल्या आणि त्यांनी त्याच्यावर फडकं टाकलं.

तांडा आला तो सकाळी. उताराच्या तोंडाशी फरसबंद आवार होतं, तिथे केसाळ, सहा पायांचे बैल येऊन बसले आणि त्यांच्या श्वासांनी आवार धुरकटलं. पारखी हा कृश, बोलका माणूस. एक डोळा तो कायम मिटलेला ठेवी. म्हणे, दोन्ही उघडले की मालाची किंमत दुप्पट दिसते. पेला घेण्याआधी तो त्याच्या काठावर बोटांनी ठेका धरी आणि गोष्ट गुणगुणून बघे, कारण पुढच्या मुलखात ती त्यालाच म्हणून दाखवावी लागे.

बकऱ्यांचे पेले पुढे आले. बकऱ्यांच्या मालकिणीनं हात ठेवला. पारखी म्हणाला, "खरं तर बकरीनं यायला हवं होतं, चित्रात ती आहे." सगळे हसले. लोकर ठरली, थोडं लोखंड ठरलं, सगळं थोडं थोडं. मग वहिनींनी फडकं काढलं.

पारख्याचं गुणगुणणं थांबलं. त्यानं पेला उजेडाकडे नेला, पाण्यावरून अंगठा फिरवला, वाकलेल्या मानेवरून फिरवला.

"काय हवंय याचं?"

"बियाणं. नऊ पोती. जव आणि वाटाणे."

"देतो," पारखी म्हणाला. घासाघीस करायची वहिनींनी केलेली सगळी तयारी वाया गेली. "हात कोण ठेवणार?"

"मी," आप्पा पुढे झाले. "मी तिथेच होतो."

पारख्यानं पेला सावकाश एक पूर्ण फेरा फिरवला. "कुठे आहात? मला दिसत नाही."

पेला कोरताना सगळ्याचा विचार झाला होता, पण चित्रातून स्वतःला वगळलं की आपला हातही जातो, हे काही आप्पांच्या ध्यानात आलं नव्हतं.

"मग तुमचा हात चालायचा नाही," पारखी म्हणाला. "या माणसाचं सगळ्यात जवळचं कोण?"

सगळ्यांच्या माना एकाच बाजूला वळल्या. दिवेवाली तेलाचा डबा खाली ठेवून, फडक्याला हात पुसत आली. तिनं आधी नुसतं वाकून पाहिलं. मग पेला दोन्ही हातांत घेतला.

"मान ह्यांचीच आहे," ती म्हणाली. "नाकही." तिचं बोट हातावरून दांडीवर आलं आणि थांबलं.

"हात ठेव, पोरी," वहिनी हळूच म्हणाल्या. "नऊ पोती आहेत."

"ठेवते, काकू. पण ठेवून म्हणू काय?" ती पारख्याकडे वळली. "दांडी आत नव्हती. बाहेर होती. बाहेर आप्पा होते."

पारख्यानं मिटलेला डोळा उघडला. पेला त्यानं मेजावर ठेवला आणि एकेक करून बकऱ्यांचे पेलेही त्याच्या शेजारी परत मांडले. "एक खोटा निघाला की बाकीचे नेता येत नाहीत," तो म्हणाला. रागानं नाही, दमल्यासारखा म्हणाला. "उद्या कोणी विचारील, ही बकरी तरी खरी कशावरून?"

"बकऱ्या दाखवतो की," मामा म्हणाले. "बांधलेल्याच आहेत." कोणी हसलं नाही. मामांनाही आपण बोललो याचं वाईट वाटलं.

"दांडी मी ओढली," आप्पा म्हणाले. "वर्षभरात हे तोंडातून पहिल्यांदा निघतंय, तेव्हा नीट आलं नसेल तर पुन्हा सांगतो. दांडी मी ओढली. माझा जावई आत होता. मला तो दिसत होता." मग लेकीकडे न बघता ते म्हणाले, "तुझ्यासाठी बरं व्हावं म्हणून मी..."

"माझ्यासाठी?" ती म्हणाली. "वर्षभर बकऱ्या कोरल्यात तुम्ही. ह्यांचं एक बोटही कुठे कोरलं नाहीत. मला वाटलं, विसरायला बसलात ह्यांना. आणि आज कोरलेत ते हे. हे माझे नाहीत, आप्पा. हे कोणीतरी शूर गृहस्थ दिसतायत. माझे हे पाण्याला घाबरायचे. आंघोळीलासुद्धा घाबरायचे. तुम्हाला ठाऊक आहे."

आप्पांना ठाऊक होतं.

"मामा," ती म्हणाली, "आप्पांच्या छिन्न्या आणता?"

मामा गेले. पारखी म्हणाला, "बैल लादेपर्यंत मी आहे. पण दुरुस्त केलेला पेला आम्ही घेत नाही, हे आताच सांगून ठेवतो."

"नका घेऊ," आप्पा म्हणाले. "मला तो असा ठेवता येणार नाही."

मेजावर गोणपाट नव्हतं. लेकीनं पेला आडवा करून दोन्ही हातांनी दाबून धरला. तिची बोटं घावाच्या इतकी जवळ होती की आप्पांचा हातोडा उठेना.

"मारा," ती म्हणाली. "मी हलत नाही."

आधी त्यांनी आतली दांडी काढली. दगडातून काढता येतं, परत घालता येत नाही. दांडी भुकटी होऊन मेजावर पडली आणि उंचोबाचा हात तसाच राहिला. कशावरही नसलेला, पाण्यात उचललेला, उघडा हात. आप्पा त्याच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी पेला बाहेरच्या जाड जागेकडे वळवला आणि दांडी, तिच्यावर दोन आखूड हात, आणि वाकलेली पाठ अशी आखायला सुरुवात केली.

"पाठ नको," लेक म्हणाली.

"पाठ बरी दिसेल."

"तोंड दाखवा."

"मला माझं तोंड कुठे ठाऊक आहे?"

"मला आहे. मी तुमच्यामागे वीस पावलांवर होते, दिवे भरत. दांडी ओढताना तुम्ही वळलात. कपाळाला तीन आठ्या. डोळे बारीक. तोंड उघडं."

"उघडं?"

"तुम्ही ओरडत होतात. ह्यांना हाका मारत होतात. दांडी ओढताना मारत होतात आणि दार पडल्यावरही, कितीतरी वेळ. मीच तुम्हाला दंडाला धरून वर आणलं. तुमचा घसा दोन दिवस बसला होता."

आप्पांची छिन्नी थांबली. त्यांना यातलं काही आठवत नव्हतं. त्यांच्या आठवणीत सगळं शांत होतं, पाण्यालाही आवाज नव्हता. त्या शांततेत एक माणूस दांडी ओढत होता, तोंडातून अक्षर न काढता. वर्षभर ते त्या गप्प माणसाबरोबर एका खोलीत राहिले होते.

"नक्की?" त्यांनी विचारलं.

"आप्पा, मी खोटं कोरत नाही," ती म्हणाली, आणि दोघांच्याही नकळत तिच्या ओठाच्या कोपऱ्यात काहीतरी हललं.

त्यांनी आठ्या कोरल्या, डोळे बारीक केले. मग दाभणाएवढी धाकटी छिन्नी घेऊन तोंड उघडायला लागले. बेतात थांबायला हवं होतं. पण हाक कोरायची म्हणजे तोंड खोल हवं, आणि ते खोल नेता नेता छिन्नी भिंतीतून आरपार गेली. मोहरीएवढं भोक. आवारातून एक हळहळ उठली. आप्पांनी फुंकर मारून भुकटी उडवली. भोकातून उजेड पेल्याच्या आत पडला.

"झालं," ते म्हणाले.

लेकीनं पेला उभा केला आणि त्याच्यावर हात ठेवला. "असं झालं." मग ती बापाकडे बघत थांबली. आता आप्पाही चित्रात होते. त्यांनी आपला आखूड, भुकटीनं माखलेला हात तिच्या हाताशेजारी ठेवला. "असं झालं," ते म्हणाले, आणि त्यांना तो पेला उगाच कोमट लागला. तिच्या हातांनी तापला असेल.

पारख्यानं भोकाला डोळा लावून पाहिलं. "याच्यात पाणी राहणार नाही."

"त्याच्यावर आहे तेवढं पुरे आहे," मामा म्हणाले. यावेळी वहिनी हसल्या, आणि हसता हसता त्यांनी डोळे पुसले.

"दुरुस्त केलेला घ्यायचा नाही, हा नेम खरा," पारखी म्हणाला. "पण तो कशासाठी? दुरुस्ती आडोशाला होते, कोणी केली, का केली, आम्हाला कळत नाही, म्हणून. ही तर माझ्या नाकासमोर झाली. पाच पोती देतो."

"सात," वहिनी म्हणाल्या. आता त्यांना कंठ फुटला होता. "आणि मघाशी ठरलेली लोकर. आणि भावोजींच्या पेल्यातलं खोटं मला दिसलं तेव्हा मीही गप्प बसले होते, हे माझ्या नावावर मांडा, त्याचं काय कापायचं ते कापा."

पारख्यानं सहा दिली. सहा पोत्यांत अर्धं शिवार पेरून होईल. उरलेल्या अर्ध्या वर्षाला अळंबी आहेच. वहिनींनी पोत्यांत कोपरापर्यंत हात घालून दाणा पाहिला, चावून पाहिला, आणि दोन माणसांना हाक मारून पोती कोरड्या खोलीकडे पाठवली, स्वतः मागोमाग गेल्या.

बैल उठले. पारखी पेला मांडीवर घेऊन गाडीत बसला आणि काठावर ठेका धरून बापलेकीकडून ऐकून घेतलेली गोष्ट गुणगुणायला लागला. गार दगड, कुदळ, पाणी, चौकातली ओरड. मग तो अडला आणि गाडीतून वाकला.

"हा हात," त्यानं विचारलं. "दांडी काढलीत, हात राहिला. हा 'थांबा' म्हणतोय, की 'ओढा' म्हणतोय? लोक मला विचारतील. काय सांगू?"

आप्पांनी वर्षभर स्वतःला दुसरं काही विचारलेलं नव्हतं. त्यांनी लेकीकडे पाहिलं. ती त्या हाताकडे बघत होती, फार जवळच्या माणसाकडे बघावं तशी, घाई न करता.

"ठाऊक नाही, असं सांगा," ती म्हणाली. "आम्हालाही नाही."

पारख्यानं मान हलवली. गाडी उताराला लागली. त्यानं गोष्ट पहिल्यापासून पुन्हा धरली. आणि बापलेकीनं उभ्याउभ्या ऐकलं, की त्या हाताशी आल्यावर त्यानं एक मात्रा रिकामी सोडली, आणि मग ठेका पुढे चालू झाला.